लॅब्राडोरच्या बहिणीला अंधारात दिसंना, आमचा कुत्रा मेटिंगला देऊ का?

कळंब्याचा_शेरूवाला:
भावांनो एक विचारायचं हाय. आमचा लॅब्राडोर पाच वर्षाचा, केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) वंशावळीचे पेपर हायत. त्याच्याच लिटरमधली (एकाच वेताची) बहीण राजारामपुरीत दिलीय, ती आता अंधार पडला की पायरी चुकती, दाराला धडकती. डॉक्टर म्हणाले पीआरए हाय, डोळ्याच्या पडद्याचा आजार, औषध न्हाई. पण आईबाप दोघांची नजर चांगली, मग हे आलं कुठनं? आमच्याला तर सगळं दिसतंय आणि मेटिंगसाठी एकजण लई मागं लागलाय.

पन्हाळा_रोड:
दिसतंय ना, पेपर हायत ना, मग दे की बिनधास्त.

मिरजकर_ताई:
अहो थांबा. पेपरवर आजा-पणजा कोण ते कळतं, जीन कसे आहेत ते नाही. लॅब्राडोरमध्ये हा आजार बहुतेक पीआरसीडी नावाच्या जीनमुळं होतो, बिघडलेली प्रत आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन्ही आल्या तरच डोळे जातात, एकच आली तर कुत्रा ठणठणीत, त्याला कॅरिअर म्हणतात. म्हणजे आईबाप दोघंही कॅरिअर असणार. अशा जोडीत प्रत्येक पिल्लाला चारात एक धोका असतो. आणि लॅब्राडोरमध्ये लक्षणं चार-सहा वर्षांनी दिसतात, तोवर कुत्र्याची दोन-तीन मेटिंग होऊन गेलेली असतात, खरी गोची तिथंच आहे. आधी बहिणीची टेस्ट करा, गालाच्या आतला स्वॅब पुरतो. तिच्यात पीआरसीडीच निघाला तर मग तुमच्या कुत्र्याच्या रिपोर्टला अर्थ, नाहीतर दुसऱ्याच जीनचा पीआरए असेल आणि तुम्ही क्लिअर, म्हणजे बिघडलेली प्रत एकही नाही, म्हणून खूश व्हाल.

कळंब्याचा_शेरूवाला:
ताई, कॅरिअर निघाला तर मेटिंग बंदच का?

मिरजकर_ताई:
नाही हो. मादी क्लिअर असली तर एकही पिल्लू यानं आंधळं होणार नाही, साधारण निम्मी कॅरिअर होतील एवढंच. सगळे कॅरिअर बाद करून दोन-चार क्लिअर नरांवरच जात चालवली तर दुसरेच लपलेले दोष जोडीनं वर येतात. डाल्मेशियनमध्ये युरिक ॲसिडचा दोष जवळजवळ सगळ्यांतच बसला होता, जातीत चांगला जीन शोधून मिळेना, शेवटी १९७३ मध्ये अमेरिकेत पॉइंटर जातीच्या कुत्र्याशी क्रॉस करून बाहेरनं आणावा लागला! आणि हिपचा (खुब्याच्या सांध्याचा) एक्सरे वेगळा काढा, त्या सांध्याच्या दोषात पुष्कळ जीन आणि वजन-खाणं सगळं येतं, त्याला असली एक टेस्ट नाही.

कळंब्याचा_शेरूवाला:
बहिणीच्या मालकास्नी फोन केला, ते तयार हायत. मेटिंगवाल्याला मादीचा रिपोर्ट मागितला तर म्हणतोय, राहू दे, दुसरा कुत्रा बघतो.