मदत हवी आहे: लघुपटात ट्रिपल ॲक्सेल खरी वाटेल अशी कशी दाखवावी?

नमस्कार,

मी मिनियापोलिसमध्ये चित्रपटनिर्मिती शिकत आहे आणि अभ्यासक्रमाचा भाग म्हणून एक लघुपट करत आहे. फेब्रुवारी १९९१ मध्ये याच शहरात झालेल्या अमेरिकेच्या राष्ट्रीय फिगर स्केटिंग स्पर्धेत टोन्या हार्डिंगने ट्रिपल ॲक्सेल, म्हणजे बर्फावरून उसळून हवेत गिरक्या घेण्याची एक अवघड उडी, साधली. स्पर्धेत ही उडी साधणारी ती पहिली अमेरिकन महिला. त्याच दिवसांत एका लहानशा रिंकवर हीच उडी एकटीने घोटवत राहणारी मुलगी माझ्या कथेच्या केंद्रस्थानी आहे.

ॲक्सेलमध्ये स्केटर समोर तोंड करून उडते आणि पाठमोरी उतरते, त्यामुळे ट्रिपलमध्येही गिरक्या साडेतीन होतात. आमची स्केटर डबल, म्हणजे अडीच गिरक्यांची ॲक्सेल सुरेख करते. चित्रीकरणासाठी तिने ट्रिपलचा प्रयत्न करावा असे मी तिला सांगणार नाही. उतरताना एका पायावर येणारा भार पाहता ते मला योग्य वाटत नाही. हार्डिंगवरच्या ‘आय, टोन्या’ या चित्रपटातही तिची भूमिका करणाऱ्या मार्गो रॉबीसाठी बदली स्केटर असूनही ही उडी अखेर संगणकाच्या साहाय्यानेच दाखवावी लागली होती.

सेकंदाला २४ फ्रेमच्या आमच्या चित्रीकरणात तिची डबल १३ फ्रेम हवेत दिसते. चित्र वेगाने चालवले, तर गिरक्यांबरोबर खाली येण्याचा वेगही वाढतो आणि उडी खोटी दिसते. मधल्या एका गिरकीच्या पाच फ्रेम पुन्हा जोडल्या, तर एकूण १८ फ्रेम, म्हणजे पाऊण सेकंद होतो. तेवढा वेळ हवेत राहायला सुमारे ७० सेंटीमीटर उंची लागते आणि तिची उडी जेमतेम ३५ सेंटीमीटरची आहे. जोडलेल्या चित्रात ती वरच्या टोकाला क्षणभर टांगून ठेवल्यासारखी दिसते.

म्हणून तिची आकृती पार्श्वभूमीपासून वेगळी करून गिरक्या साडेतीन कराव्यात आणि १६ फ्रेममध्ये अर्ध्या मीटरहून थोडी अधिक उंची गाठणारा नवा मार्ग तिला द्यावा, असा विचार आहे. मात्र असे केल्यावर उतरण्यापूर्वी हात आणि मोकळा पाय उघडण्याची वेळ चुकते, आणि जाणकाराच्या नजरेत ते लगेच येते. ही वेळ कशी जुळवावी?

दृश्य तुकड्यांत कापण्याचा सल्ला अनेकांनी दिला आहे, परंतु मला उड्डाण आणि उतरणे एकाच चौकटीत, पायांसह हवे आहे. डाव्या पात्याच्या बाहेरच्या कडेने बर्फावर उमटणारी, शेवटी किंचित खरवडलेली वक्र रेघ आणि काही अंतरावर उजव्या पायाने सुरू होणारी दुसरी रेघ, या दोन्ही प्रेक्षकाला दिसल्या पाहिजेत.

दृश्यपरिणामांवर काम केलेल्या किंवा स्वतः स्केटिंग केलेल्या कोणी मार्गदर्शन केल्यास फार मदत होईल. शरीराला दोर बांधून उडीचा सराव करवतात, तसे चित्रण करून दोर नंतर पुसणे अधिक सोपे ठरेल का, हेही कृपया सांगावे.