प्रतिसाद: अंगणवाडीत खिचडी मिळते, शिक्षण नाही?

'अंगणवाडीत खिचडीपलीकडे काही नाही, म्हणून लोक तालुक्याच्या केजीची व्हॅन लावतात' असं या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय, ते अर्धं खरं. शिकवणं कमी पडतं, मान्य. पण त्याच अंगणवाडी सेविकेकडे मुलांची वजनं, लसीकरणाच्या याद्या, गरोदर बायांच्या गृहभेटी आणि पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवरच्या नोंदी, हे सगळं असतं. १५० ते ४०० वस्तीच्या वाड्यांना निकषाप्रमाणे मिनी अंगणवाडी मिळायची आणि तिथे मदतनीसही नसायची. एकट्या सेविकेने चूल पेटवायची का गाणी घ्यायची?

आमच्या वाडीत वेगळीच गंमत. सेविका मण्यांचे, मातीचे खेळ घ्यायची तर पालकच कुरकुरायचे, 'पाटीवर काही काढून घेत नाही'. शेवटी तिने साडेतीन वर्षांच्या पोरांना एबीसीडी गिरवायला बसवलं, तक्रारी थांबल्या! बालशिक्षणात काम केलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालवाडीचं काम सुरू केलं ते याच्या अगदी उलट. मुलं येत नाहीत म्हणून पाड्यावर, अंगणातच वर्ग, आणि साधनं शंख-शिंपले, बिया, पानं अशी भोवतालची. त्यामुळे व्हॅनवाल्या केजीत नेमकं काय चालतं, तेही कुणीतरी जाऊन बघा.