नवा रंग मारलेली गाडी महिनाभर उघड्यावर कशी जपावी?

नमस्कार मंडळी,

बाबांच्या जुन्या गाडीचं बॉनेट आणि उजवीकडची दोन्ही दारं नुकतीच रंगवून घेतली. गॅरेज छोटं, बूथ (रंग मारून गरम हवेत वाळवायची बंद खोली) नाही. लांबी, प्रायमर, रंग आणि वर हार्डनर (रंग घट्ट करणारं रसायन) घातलेला क्लिअर कोट (पारदर्शक थर), सगळं हवेवरच वाळवलं. काम सुरेख झालंय. पेंटरकाकांनी बजावलंय, "हाताला कोरडा लागला तरी आतून कच्चाच आहे. महिनाभर पॉलिश नाही, वॅक्स नाही." ते पटतंय. आतलं थिनर उडायला वाट हवी, वरून थर चढवला तर ते कोंडून चकाकी मरते. कारखान्यात नुसती बॉडी 140 अंशांच्या आसपास भाजतात, म्हणून कोऱ्या गाडीला हे पथ्य नसतं. गॅरेजमधल्या रंगकामात प्लास्टिक, रबर, वायरिंग जागेवर असतं, त्यामुळे बूथ असला तरी 60 अंशांच्या फार वर जात नाहीत.

माझी अडचण पार्किंगची आहे. सोसायटीतली आमची जागा गुलमोहराखाली, वर कावळे-साळुंक्या. कव्हर घालू का? विष्ठा पडली तर काय करायचं? धुवायला बोअरचं जड पाणी चालेल? त्यात गणपतीला कुंभार्ली घाटातून गुहागरला जायचंय, म्हणजे लाल चिखल आलाच. एक जण पुढच्याच आठवड्यात सिरॅमिक कोटिंग (रंगावरचा कडक संरक्षक थर) करा म्हणून मागे लागलाय. बाबांचा या गाडीवर फार जीव आहे, म्हणून नीट विचारून घेतोय.

प्रतिसाद:

कव्हर नको. खाली ओल कोंडते आणि वाऱ्याने कापड रंगावर घासत राहतं. शक्य असेल तर महिन्यापुरती कोणाशी जागा बदलून घ्या, झाडाखालची जागा सगळ्यात वाईट. विष्ठा त्याच दिवशी काढा, पण खरवडू नका, तिच्यात बिया आणि खडे असतात. ओलं फडकं पाच-दहा मिनिटं ठेवून अलगद उचला. पहिला आठवडा धुऊ नका. नंतर साधं पाणी, गरज पडल्यास कार शाम्पू. कपड्यांची पावडर आणि ब्रशवालं वॉशिंग नको. बोअरचं पाणी चालेल, मात्र गाडीवर सुकू न देता लगेच टिपा. घाटातला चिखल आधी पाण्याने भिजवून सोडवा, प्रेशर गन लांबून मारा.

पावसाळी गारव्यात रंग सावकाश पिकतो, त्यामुळे कोटिंगवाल्याला दोन महिने थांबवा. क्लिअर कोटच्या डब्यावर कंपनीने मुदत छापलेली असेल तर तीच पाळा. आणि पूजेला बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक, टेपने चिकटवलेला हार, स्टिकर यातलं काही नको. हार आरशाला बांधा.