सिलेननंतरही पाण्याचा प्रश्न राहतोच

विजेच्या इन्सुलेशनच्या पॉलिमरमध्ये सिलिकाचे नॅनोकण मिसळताना त्यांच्यावर सिलेन (सिलिकाच्या पृष्ठभागाला चिकटणारं रसायन) लावायचं ते फक्त कणांचे गोळे होऊ नयेत म्हणून, असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. खरा त्रास पाण्याचा! १५ नॅनोमीटरच्या सिलिकाच्या एका ग्रॅमला साधारण १८० चौरस मीटर पृष्ठभाग असतो आणि त्यावरचे हायड्रॉक्सिल (OH) गट हवेतली ओल धरून ठेवतात, मग प्रत्येक कणाभोवती पाण्याचं कवच बनतं आणि ती कवचं एकमेकांना भिडली की चार्जला वाट मिळते. सिलेन यातले बरेच गट अडवतं, पण सगळे नाही.

म्हणून कोरड्या सँपलचे आकडे बघून खूश होऊ नका, तेच सँपल दमट हवेत ठेवून कमी फ्रिक्वेन्सीला टॅन डेल्टा (इन्सुलेशनमध्ये वाया जाणाऱ्या विजेचं माप) परत मोजा, सिलेनची ट्रीटमेंट किती टिकलीय ते तिथेच कळतं.