लॉनच्या कडेची पट्टी वर येतेय, प्लास्टिकच्या खुंट्या बदलू का?

प्रश्न: लॉन आणि फुलांच्या वाफ्यामध्ये प्लास्टिकची पट्टी बसवली. साधारण दीड मीटरवर एक खुंटी. पहिल्याच मोठ्या पावसात वळणावरची पट्टी उचलली गेली. दोन खुंट्यांची डोकी तर ठोकतानाच फुटली. आठवडाभर राबले होते, फार वाईट वाटतंय. लोखंडी खिळे घेऊ का?

उत्तर: ताई, खुंट्यांमधलं अंतर जास्त झालंय. सरळ भागात मीटरभर चालतं, वळणावर मात्र ३०-४० सेंमी हवं आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना एकेक. पट्टी गुंडाळीतून काढून तासभर उन्हात पसरली होती का? नाहीतर ती पुन्हा वळायला बघते आणि खुंट्या उपसते. माझीही अशीच उपसली होती.

उत्तर: डोकी फुटतात ती कोरड्या, कडक मातीमुळे. आदल्या दिवशी पाणी द्या, सळईने आधी भोक पाडा, मग रबरी हातोड्याने ठोका. खुंटी थोडी तिरकी जाऊ द्या.

प्रश्नकर्ती: पट्टी उन्हात टाकलीच नव्हती! रविवारी वळण उकरते.

उत्तर: माती भुसभुशीत असेल तर २५ सेंमीच्या खुंट्या घ्या. लोखंडी खिळे गंजतात.