हॉस्पिटलच्या बोर्डावर बसून नुसतं 'मम' म्हणायचं का?

नदीपल्याड

परवा इकडच्या मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत एका मित्राने माझी ओळख करून दिली, "हा हॉस्पिटलच्या बोर्डावर असतो, मम म्हणायला." सगळे हसले, मीपण हसलो, पण घरी आल्यावर ते डोक्यातून जाईना म्हणून इथे धागा काढतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्लंडमध्ये प्रत्येक एनएचएस ट्रस्टला, म्हणजे सरकारी हॉस्पिटलं वगैरे चालवणाऱ्या संस्थेला, एक बोर्ड असतं. त्यात काही जण ट्रस्टचे पगारी अधिकारी, म्हणजे चीफ एक्झिक्युटिव्ह, मेडिकल डायरेक्टर, नर्सिंगची प्रमुख, फायनान्सवाला, आणि बाकीचे माझ्यासारखे बाहेरून आणलेले नॉन-एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर, ज्यांना सगळे 'नेड' म्हणतात. मुदत तीन वर्षांची, मानधन वर्षाला १३,००० पौंड, जाहिरातीत महिन्याचे दोन-तीन दिवस लिहिलेलं असतं पण पेपर वाचायचे धरले तर पाच-सहा सहज जातात. ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी सांगतात, नाक खुपसा पण हात घालू नका. म्हणजे विचारायचं सगळं, चालवायचं काही नाही.

माझं मत असं की हे काम खरं आहे आणि आपल्या लोकांनी यासाठी अर्ज करायला पाहिजेत. एक उदाहरण देतो. आमच्याकडे दर महिन्याला एक तक्ता यायचा, इमर्जन्सीत बारा तासांच्या वर ट्रॉलीवर पडून राहिलेले पेशंट किती. आकडा बरा असायचा, पिवळ्या रंगात, कोणी थांबायचं नाही, पुढचं पान. मी आयुष्यभर ऑडिटमध्ये, मला आकड्याच्या आधी तो मोजला कसा ते विचारायची खोड. दोन वर्षं इतर कमिट्यांत गेल्यावर एकदा विचारलं, घड्याळ चालू कधी होतं? दोन मिनिटं कोणी बोलेना. मग कळलं की पेशंट दारातून आत आल्यापासून नाही, तर 'ॲडमिट करायचं' असं डॉक्टरने ठरवल्यापासून. म्हणजे आजी सकाळी आठला आली, ठरलं संध्याकाळी पाचला, बेड मिळाला पहाटे चारला, तर तक्त्यात अकरा तास, बाराच्या आत, सगळं छान. आजी मात्र वीस तास ट्रॉलीवर. यात लबाडी कोणाची नव्हती, सगळ्या इंग्लंडमध्ये असंच मोजायचे, दारापासूनचे आकडे दर महिन्याला जाहीर व्हायला लागले ते २०२३ पासून. पण त्या प्रश्नानंतर आमच्या तक्त्यात खाली दुसरी ओळ आली, दारापासूनची, आणि ती लालभडक होती. याला मम म्हणणं म्हणतात का, तुम्हीच सांगा.

रात्रपाळी

अभिनंदन! जे आमच्या हेल्थकेअर असिस्टंटला पहिल्या आठवड्यात कळतं ते बोर्डाला दोन वर्षांनी कळलं.

राग नाही हो, पण मी एकोणीस वर्षं नर्स आहे, त्यातली बारा इमर्जन्सीत (तुमच्या ट्रस्टमध्ये नाही, काळजी नसावी). तुम्हा लोकांची वॉर्ड व्हिजिट कशी असते ते आमच्या बाजूने सांगते. आधी ईमेल येतो. मग आदल्या रात्री मॅनेजरची धावपळ, कॉरिडॉरमधल्या ट्रॉल्या जमतील तितक्या आत ढकला, ज्यांना घरी पाठवता येईल त्यांना पहाटेच पाठवा. आमच्याकडे कॉरिडॉरच्या भिंतीवर कागद चिकटवलेले होते, सी १, सी २, सी ३, सी ७ पर्यंत, म्हणजे कॉरिडॉरमधल्या 'बेड'चे नंबर, कारण औषध कोणाला दिलं ते लिहायला काहीतरी पत्ता नको का. व्हिजिटच्या आदल्या रात्री मला ते कागद काढायला सांगितले. मी माझ्या नखांनी काढलेत ते. भिंतीचा रंग निघाला त्याच्याबरोबर. सकाळी दोन साहेब आले, छान बोलले, एकाने विचारलं 'वर्कलोड कसा आहे', शेजारी मॅट्रन उभी, मी काय सांगणार? बिझी बट मॅनेजिंग म्हटलं.

आणि मिड स्टॅफर्डशायर ट्रस्टचं हॉस्पिटल विसरलात का? २००५ ते २००९, पेशंटला पाणी मिळत नव्हतं, साफसफाई नाही, नातेवाईक ओरडून थकले, आणि बोर्ड फाउंडेशन ट्रस्टचा (जास्त स्वायत्ततेचा) दर्जा आणि ताळेबंद यात गुंग. २०१३ ला त्याच्या चौकशीचा फ्रान्सिस रिपोर्ट आला, २९० शिफारशी. तिथेही नेड होतेच ना? सगळे मम.

कुजकट_काका

महिन्याला दोन दिवस आणि १३ हजार पौंड. ह्यो ह्यो. मला पण एखादी खुर्ची बघा, मी तर पाच रंगांचे तक्ते बघून मान डोलवायला तयार आहे.

नदीपल्याड

काका, महिन्याचे सहा दिवस धरले तर दिवसाचे १८० पौंड होतात, टॅक्सच्या आधी. आमचा प्लंबर एवढ्यात गाडीतून उतरत नाही.

@रात्रपाळी, कागदांचं वाचून खरंच वाईट वाटलं. व्हिजिटबद्दल तुम्ही म्हणताय ते खोटं नाही, मला स्वतःला ताज्या रंगाचा वास आलाय एकदा. म्हणून मी नंतर रविवारी जायला लागलो, न कळवता. पण मिड स्टॅफ्सचा तुम्ही काढलेला अर्थ मला पटत नाही. तिथे नेडनी विचारलं नाही, जे पुढे आलं त्यावर विश्वास ठेवला, हा त्यांचा दोष होताच. त्यावरून विचारणारी खुर्चीच नको असं कसं? एक बोर्ड अपयशी ठरलं म्हणून सगळीच ठरत नाहीत, फक्त जिथे नेडनी वेळेत थांबवलं त्याचा रिपोर्ट निघत नाही.

वेल्सवाला

बरं, मग जिथे नेडनी विचारलं तिथे काय झालं ते सांगतो. मी नॉर्थ वेल्समध्ये राहतो. इथे हॉस्पिटलं ट्रस्ट नाही, हेल्थ बोर्ड चालवतं, आणि नेडला 'इंडिपेंडंट मेंबर' म्हणतात. आमचं बेट्सी कॅडवॉलाडर, सात लाख लोकांचं, २०१५ पासून २०२० पर्यंत सरकारच्या स्पेशल मेझर्समध्ये, म्हणजे कडक देखरेखीखाली, होतं. फेब्रुवारी २०२३ ला वेल्सच्या ऑडिटर जनरलचा रिपोर्ट आला की वरिष्ठ अधिकाऱ्यांमध्येच इतकी फूट पडलीय की बोर्ड नीट चालत नाहीये. काही दिवसांतच आरोग्यमंत्री एलुनेड मॉर्गन यांनी बोर्ड परत स्पेशल मेझर्समध्ये टाकलं आणि चेअरमनसकट सगळ्या इंडिपेंडंट मेंबरांना पायउतार व्हायला लावलं. सगळ्यांना! एका दिवसात! भांडणारे अधिकारी नोकरीत, त्यांना मंत्री थेट काढू शकत नाहीत, मग काढता येतात कोण तर बाहेरचे. म्हणजे हिशोब मागणारे घरी आणि ज्यांच्याकडे मागायचा ते खुर्चीत.

त्यामुळे नदीपल्याडभाऊ, हे पद म्हणजे गाडीचा बंपर. ठोकल्यावर पहिला तोच तुटतो, स्टिअरिंग त्याच्या हातात कधीच नसतं.

मोडीलिपी

@वेल्सवाला पण यातून दोन्ही बाजू निघतात ना? नुसती मान डोलवत बसले असते तरी बोर्ड बुडालं असतं तेव्हा हेच गेले असते. मग विचारून गेलेलं बरं.

आपल्या लोकांबद्दल एक. २०१४ ला लंडनच्या ट्रस्टांवर एक रिपोर्ट आलेला, स्टाफमध्ये चाळीस टक्क्यांच्या वर गोरेतर आणि बोर्डावर दहा टक्केसुद्धा नाहीत. आता आकडे सुधारलेत. पण माझी बायको डॉक्टर आहे, ती म्हणते बोर्डावर गोरेतर माणूस आला म्हणजे आपला आवाज आला असं समजू नका, ऑडिटवाला तो ऑडिटवालाच, नाईट शिफ्ट त्यालाही माहीत नाही. (नदीपल्याड, हे तुम्हाला नाही. थोडं तुम्हालाही आहे.)

माणदेशी_माणूस

तुम्ही विलायतचं चालू द्या, मी गावचं सांगतो, कारण दुखणं एकच आहे. आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते. हिची पहिली समिती कुठली माहितेय का, इंदूरच्या महाराजा यशवंतराव हॉस्पिटलची, नव्वदच्या दशकातली, होळकरांच्या नावाचं हॉस्पिटल म्हणजे आपलंच म्हणायचं. २००५ ला ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि मग सगळीकडे समित्या झाल्या, केंद्राला वर्षाला लाखभर रुपये, खर्च कसा करायचा ते समितीने ठरवायचं.

मी एका केंद्रावर होतो मेंबर. दोन वर्षांत बैठक झाली एक. बाकीच्या झाल्या प्रोसिडिंग बुकात. शिपाई मोटरसायकलवर यायचा, बुक उघडून बोट ठेवायचा, इथं सही करा काका. मी म्हातारीच्या औषधाला जायच्या घाईत, कधी रानातनं आलेलो, हात मातीचे, केली सही. एकदा जरा वाचलं तर लिहिलेलं 'सदस्यांनी सविस्तर चर्चा करून इन्व्हर्टर बॅटरी खरेदीस मंजुरी दिली.' मी म्हटलं चर्चा केली कुणी? तो म्हणला तुम्हीच केली की, खाली सही हाय ना तुमची. आता सांगा, पंधरा जणांच्या सह्या आणि चर्चा एकाचीही नाही.

उलट आमच्या भागात लोकाधारित देखरेख होती, महाराष्ट्रात २००७ ला सुरू झालेली, त्यात जनसुनवाई व्हायची. मांडवात डॉक्टर, बीडीओ, तालुक्याचे आरोग्य अधिकारी बसलेले, आणि एक बाई उठली, कडेवर पोरगं, म्हणाली रात्री ॲम्ब्युलन्सला डिझेल म्हणून माझ्याकडनं पाचशे का घेतले, पावती दाखवा. सगळे खाली बघायला लागले. पुढच्या आठवड्यात पैसे परत. त्या बाईला ना मानधन, ना ट्रेनिंग, ना खुर्ची. म्हणून माझं म्हणणं, खुर्च्या वाढवू नका, मांडव वाढवा.

रात्रपाळी

माणदेशी दादा 🙏 तुमची सविस्तर चर्चा वाचून हसूही आलं आणि रडूही. आमच्याकडे तेच इंग्रजीत लिहितात, 'द बोर्ड नोटेड द रिपोर्ट.'

नदीपल्याड

'नोटेड' वर मी आता हरलो, कबूल 😀 आमच्या मागच्या मिनिट्समध्ये तो शब्द चौदा वेळा आहे, आत्ता मोजला.

पण माणदेशी दादा, त्या बाईचे पाचशे परत मिळाले. पुढच्या बाईकडून घेतले नाहीत ना, हे तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी कोणी विचारलं? तिला तर पोरगं घेऊन घरी जायचं होतं. मांडव उठतो हो. तेच तेच परत विचारायला कोणीतरी टेबलाशी बसलेलं लागतं, कंटाळवाणं काम आहे ते, टाळ्या नाहीत त्याला. तुमच्या समितीत वाईट काय होतं तर ते टेबलच नव्हतं, मोटरसायकल होती.

मोडीलिपी, वहिनींना सांगा मुद्दा लागला. मी नाईट शिफ्ट केलेली नाही. गेल्या वर्षीपासून आमच्या एका कमिटीत सुरुवातीची वीस मिनिटं एक बँड फाइव्ह, म्हणजे खालच्या पगारश्रेणीतली, नर्स येऊन बोलते, मॅट्रनशिवाय, पण तिलाही निवडतो मॅनेजरच, तेव्हा कितपत खरं ते मलाही कळत नाही.

माणदेशी_माणूस

नाही विचारलं कुणी. ते खरंय. मी पण नाही विचारलं, आणि मी तर मेंबर होतो. पण मला विचारायला टेबल दिलं असतं तर विचारलं असतं का, काय सांगू. डॉक्टर ओळखीचे, आईला बीपीची गोळी तेच देतात.

वेल्सवाला

हे कोणी बोलत नाही. इकडेही तेच असतं, फक्त बीपीच्या गोळीऐवजी दुसऱ्या मुदतीची नेमणूक असते. चेअरमनशी वाकडं घेतलं की तीन वर्षांनी 'थँक यू फॉर युवर सर्व्हिस'.

नदीपल्याड

माझी मुदत मार्चमध्ये संपतेय. बघू.

@रात्रपाळी, तुमच्या ट्रस्टची बोर्ड मीटिंग पब्लिकला खुली असते हे माहितेय ना? १९६० चा कायदा आहे, तेव्हा नवीनच निवडून आलेल्या मार्गारेट थॅचरबाईंनी आणलेलं विधेयक, रोख होता नगरपालिकांवर पण आरोग्याची बोर्डंही त्यात येतात. गुप्त विषयांचा दुसरा भाग दार लावून होतो, पण पहिल्या भागाला कोणीही जाऊन बसू शकतं. पेपर वेबसाइटवर असतात, शेवटी प्रश्नांना वेळ असतो, बहुतेक ठिकाणी प्रश्न आधी ईमेल करावा लागतो. आमच्याकडे येतात कोण, एक रिटायर्ड शाळामास्तर आणि कधीतरी लोकल पेपरचा पोरगा. नर्स आलेली मी पाहिली नाही.

रात्रपाळी

एकोणीस वर्षांत मला हे कोणी सांगितलं नाही.

आत्ता वेबसाइट बघितली. पुढची मीटिंग गुरुवारी साडेनऊला. बुधवारी माझी नाईट आहे, साडेसातला हँडओव्हर झाला की कँटीनमध्ये चहा पिऊन तशीच जाऊन बसते. प्रश्न ईमेल केला, सी १ ते सी ७ हे बेड तुमच्या कुठल्या तक्त्यात मोजता. नाव लिहू का नको म्हणून दहा मिनिटं बसले, मग लिहिलं.

कुजकट_काका

ताई, युनिफॉर्म बदलू नका.