अनुभव धागा: हवामानबदलाचं पहिलं पुस्तक वाचताना तुम्ही कुठे अडलात?

माळा आवरताना बाबांचं ते बारकं पुस्तक सापडलं, हवामानबदलाच्या विज्ञानाची तोंडओळख करून देणारं. हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेच्या, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या आलेखाशेजारी त्यांची पेन्सिल: 'रेघ चढते हे कळलं. पण हे करवतीचे दात कशाचे?' कोणाला विचारलं असेल? मला तर नक्कीच नाही, मी दोन पानं चाळून परत दिलं होतं. आता वाचतेय. तुम्ही कुठे अडलात?

सासवडकर: नावापाशीच! हरितगृह परिणाम म्हणे. आमचं जरबेराचं पॉलिहाऊस आहे. कडेचे पडदे गुंडाळले की ऊब गेली. वर आभाळात कुठले पडदे? तिथे कार्बन डायऑक्साइडसारखे वायू जमिनीची उष्णता शोषतात आणि पुन्हा चहूकडे सोडतात, त्यातली काही खाली येते. हे लेखकाने तळटीपेत उरकलंय. तळटीप कोण वाचतं.

कुळथाची_पिठी: जरबेराला काय भाव सध्या?

सासवडकर: नका विचारू.

खडूफळा: नववीला शिकवायचो. निम्मी पोरं लिहायची, 'ओझोनला भोक पडलं म्हणून पृथ्वी तापली.' हे पुस्तक वाचेपर्यंत मी त्याला पूर्ण गुण देत होतो, आता कबूल करायला हरकत नाही. हे हरितगृह वायू मुळीच नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंश असतं, हे वाचून स्वेटर घालावासा वाटला.

रात्रपाळी: भाषांतराने छळलं. वेदर पण हवामान, क्लायमेट पण हवामान. 'हवामान म्हणजे हवामानाची तीस वर्षांची सरासरी', शप्पथ असं वाक्य आहे!

खडूफळा: 😂

कुर्ला_पश्चिम: २६ जुलै २००५, सांताक्रूझला ९४४ मिमी, मी कंबरभर पाण्यात. पुस्तक म्हणतं एका पावसाचं खापर थेट तापमानवाढीवर फोडू नका. मग फोडायचं कुठे?

सासवडकर: मिठीवर.

रात्रपाळी: @कुर्ला, पुढचं पान वाचा की. हवा एक अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. कोसळायला माल जास्त.

मधली_सुट्टी: मला पुस्तकातली अमेरिकन संशोधक युनिस फूट आवडली. काचेच्या नळीत कार्बन डायऑक्साइड भरून उन्हात ठेवला, साध्या हवेपेक्षा जास्त तापला. १८५६, म्हणजे सत्तावन्नच्या आदल्या वर्षी! आणि निबंध सभेत वाचला कोणी, तर एका पुरुषाने. बाकी पुस्तक ठीक. कुकर झाला, येते.

खडूफळा: धागाकर्तीचे दात राहिलेच की. जमीन आणि झाडी उत्तर गोलार्धात जास्त. तिकडच्या उन्हाळ्यात पानं कार्बन ओढतात, रेघ उतरते. पाला कुजला की परत सुटतो, रेघ चढते. टोक दरवर्षी मेमध्ये. पण प्रत्येक दात आधीच्यापेक्षा वर. १९५८ ला दशलक्षात ३१५ भाग होते, आता ४२० च्या पुढे.

धागाकर्ती: सर, आत्ताच बाबांच्या ओळीखाली लिहून ठेवलं. आई म्हणते, पुस्तकावर पेनाने कशाला.

कुळथाची_पिठी: पुण्यात मिळेल का हे? सासवडकर, व्यक्तिगत निरोप बघा, मुलीच्या साखरपुड्याला फुलं हवीत.